तिकिटं गेली कुठे?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं (मोतीबिंदूच, काळजी नसावी), त्यामुळे संगणकापासून लांब होते. खरं तर आज गावाकडच्या जुन्या वाड्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण तो विषय राहू दे पुढच्या वेळेला. घरात एक वाद पेटला आहे आणि त्यात माझी बाजू कुणी नीट ऐकून घेत नाही. मग म्हटलं, आपल्या हक्काच्या पाटीवर लिहावं. इथे मध्येच तोडून बोलता येत नाही :)

वाद आहे तिकिटांचा. एसटीच्या नव्हे, करमणुकीच्या कार्यक्रमांच्या.

झालं असं. माझी नात गेल्या वर्षी नोकरीला लागली. तिच्या आवडत्या गायकांचा मोठा कार्यक्रम होणार होता. (कार्यक्रमाचं नि तिकीट विकणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) सकाळी दहाला विक्री सुरू होणार म्हणून साडेनऊपासून घरात तीन मोबाईल आणि एक लॅपटॉप सज्ज. मलाही एक मोबाईल धरून बसवलं होतं. दहा वाजून पाच मिनिटं होतात न होतात तोच 'सर्व तिकिटे संपली'. पोरीचा चेहरा एवढासा झाला. आणि जेवायला बसायच्या आत तीच तिकिटं दुसऱ्या एका संकेतस्थळावर हजर! अडीच हजारांचं तिकीट नऊ हजारांना. आम्ही सगळे नको नको म्हणत असताना तिने दोन घेतली. एक स्वतःला, एक मैत्रिणीला. अठरा हजार रुपये.

कार्यक्रमाच्या दिवशी दारावरच्या मुलाने मोबाईलवरची ती चौकटी यंत्रासमोर धरली आणि म्हणाला, "मॅडम, या तिकिटावर कुणीतरी आधीच आत गेलंय." एकच तिकीट किती जणांना विकलं होतं देव जाणे. दोघी तासभर बाहेर उभ्या राहून परत आल्या. रात्री मी पिठलं टाकलं. ती म्हणाली, "आजी, पैसे गेले त्याचं तेवढं नाही गं. बाहेर सगळं ऐकू येत होतं."

आता यावर घरातल्यांची मतं ऐका. आमचे जावईबापू म्हणाले, "मागणी जास्त, पुरवठा कमी. भाव चढणारच. यात सरकारचं काय काम?" भावोजी म्हणाले, "असल्या चैनीसाठी कायदे करायचे? शेतकऱ्याच्या कांद्याचं बघा आधी." दोघेही हा ब्लॉग नियमित वाचतात. म्हणून दोघांना इथेच उत्तर देते. पण त्याआधी एक जुनी गोष्ट.

१९८० च्या सुमारास मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवत होते. गावात एकच टॉकीज. माझ्या नववीच्या वर्गात एक चुणचुणीत मुलगा होता. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं, पण शुक्रवारी हमखास गैरहजर. चौकशी केली तेव्हा कळलं, नवा पिक्चर लागला की हा टॉकीजबाहेर 'ब्लॅक' करतो. एका शुक्रवारी पोलिसांनी धरला. वर्गशिक्षिका म्हणून हेडसरांनी मला चौकीवर पाठवलं. पोराच्या हातावर वळ उठले होते. मी त्याला सोडवून आणला आणि शाळेच्या दारात वर आणखी दोन थपडा मीही दिल्या. तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं.

काही वर्षांपूर्वी तो एका लग्नात भेटला. आता त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, मुलगी इंजिनिअर झाली. वाकून नमस्कार केला. जुन्या गोष्टी निघाल्या तसा हसत हसत म्हणाला, "बाई, तुम्ही मारलंत त्याचा राग नाही. पण माझ्याकडे तिकिटं आली कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत. फौजदारानेही विचारलं नाही. खिडकीच्या आतला माणूसच गठ्ठा काढून द्यायचा. चारचं तिकीट सातला गेलं की मला आठ आणे, बाकीचे अडीच रुपये त्याचे. खिडकी उघडायच्या आधीच बाल्कनी संपलेली असायची."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पस्तीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारायला शिका' म्हणून सांगितलं, आणि जो प्रश्न विचारायचा तो मीच विचारला नव्हता.

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. काळाबाजार दाराबाहेर सुरू होत नाही, खिडकीच्या आत सुरू होतो. आणि आपलं सरकार मात्र तेव्हाही दाराबाहेर काठी घेऊन उभं होतं, आजही तिथेच उभं आहे.

गंमत बघा. त्याच टॉकीजमध्ये करमणूक कर निरीक्षक यायचे. आपल्याकडे करमणूक शुल्काचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा. तिकिटांवर क्रमांक असायचे, किती विकली, किती उरली याचा हिशोब सरकारला द्यावा लागायचा. म्हणजे सरकारला तिकिटं मोजता येत नव्हती असं नाही. आपला कर बुडू नये म्हणून एकेक तिकीट मोजलं जात होतं. फक्त ती कुणाच्या हातात गेली, हे बघायची गरज वाटत नव्हती, कारण कर छापील किमतीवर मिळत होता. वरचे तीन रुपये प्रेक्षकाच्या खिशातून जात होते, सरकारच्या नव्हे.

१ जुलै २०१७ पासून राज्याच्या त्या कराच्या जागी जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिनेमाच्या शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के आणि आयपीएलच्या तिकिटावर तर ४० टक्के! म्हणजे शंभरावर चाळीस घ्यायला सरकार हजर, पण किती तिकिटं लोकांसाठी ठेवलीत हे विचारायला कुणी नाही.

"लोकांसाठी किती" हा प्रश्न फुटकळ वाटतो का तुम्हाला? मग २ एप्रिल २०११ आठवा. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना. धोनीचा तो षटकार आपण सगळ्यांनी घरी टीव्हीवर पाहिला आणि गल्लीत फटाके वाजवले. पण घरी का पाहिला? स्टेडियमची क्षमता सुमारे ३३ हजार. त्यातली बहुतेक तिकिटं मुंबईतले क्लब, आयसीसी, असे आधीच वाटली गेली आणि सामान्य माणसासाठी उरली सुमारे चार हजार. दर आठ खुर्च्यांमागे एक! त्याच स्पर्धेत बंगळूरला भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रात्रभर रांगेत थांबलेल्या पोरांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. रांगेतल्याला वाटत असतं, पुढच्याने जास्त घेतली म्हणून आपल्याला मिळालं नाही. म्हणून रांगेत भांडणं होतात. पण रांगेपर्यंत तिकिटं आलीच किती होती?

आता अलीकडचं उदाहरण. 'कोल्डप्ले' नावाच्या इंग्रजी वाद्यवृंदाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी बारा वाजता. कंपनीनेच नंतर सांगितलं की १ कोटी ३० लाख लोकांनी प्रयत्न केला. तीन दिवसांच्या खुर्च्या फार तर दोन लाख धरा. म्हणजे बहुतेकांना तिकीट मिळणार नव्हतंच, ते कुणीही समजून घेईल. पण ज्यांना मिळालं नाही त्यांच्या डोळ्यांदेखत अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं दुसरीकडे लाखांच्या भावाने मांडली गेली. मग आरडाओरडा झाला. आर्थिक गुन्हे शाखेने चौकशीला बोलावलं, ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने अनेक शहरांत छापे घातले. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाचं म्हणणं असं, की यासाठी नियम-कायदे करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम.

बरं, कायदा अगदीच नाही असंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ११२ वं कलम आहे. टोळीतल्या माणसाने केलेली चोरी, खिसेकापूपणा, जुगार यांच्याच पंक्तीत तिथे 'तिकिटांची अनधिकृत विक्री' आहे. शिक्षा किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात वर्षं, शिवाय दंड. वाचून मला माझा तो विद्यार्थीच आठवला. हे कलम त्याच्यासाठी आहे! कारण 'अनधिकृत' म्हणजे काय? अधिकार देणारा कोण? आयोजक. उद्या आयोजकानेच निम्मी तिकिटं मागच्या दाराने एखाद्या संकेतस्थळाला दिली आणि 'विका चौपटीने' म्हणून सांगितलं, तर ती विक्री अधिकृत झाली की हो! गुन्हा करणारा पोरगा आणि व्यवसाय करणारा साहेब, फरक एवढाच की एकाकडे कागद आहे.

आता जावईबापू, तुमचा मुद्दा. मागणी-पुरवठा. तुम्ही म्हणालात, "माझा फ्लॅट मी वाटेल त्या किमतीला विकू शकतो, मग तिकीट का नाही?" फ्लॅट घेणारा कर्ज काढतो, हप्ते फेडतो, गळती दुरुस्त करतो. शंभर तिकिटं उचलून तासाभरात विकणाऱ्याने त्यात काय भर घातली? ना तो गातो, ना तबला वाजवतो, ना मांडव घालतो. त्याने एकच केलं, दारात आडवा उभा राहिला. आणि तो वरचा पैसा गायकाला जात नाही, साउंडवाल्या पोरांना जात नाही. समजा, गायकालाच वाटलं की माझं गाणं नऊ हजारांचं आहे. मग छापावं की तिकिटावर नऊ हजार! माझी काही हरकत नाही. पण मग लोक नावं ठेवणार. म्हणून तिकिटावर अडीच हजार छापायचे, सगळ्यांना परवडेल म्हणून वाहवा घ्यायची, आणि नऊ हजार भलत्याने न्यायचे. याला बाजार म्हणू नका. बाजारात कोथिंबिरीची जुडी तरी सगळ्यांसमोर मांडलेली असते.

भावोजी, तुमचं कांद्याचं म्हणणं मला पटतं. पण मला सांगा, कांद्याच्या बाजारात आपली तक्रार काय असते? मधला माणूस. पिकवणाऱ्याला मिळत नाही आणि खाणाऱ्याला परवडत नाही. मग गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मधला माणूस तेवढा चालतो का? आणि 'चैन' म्हणाल, तर तुम्ही आणि हे मिळून नाटकाच्या आगाऊ तिकिटासाठी सकाळी सहाला बालगंधर्वच्या खिडकीवर जाऊन बसत होतात. थर्मासमधून चहा नेत होतात. ती चैन नव्हती?

सरकारने काहीतरी करावं म्हटलं की सरकारला दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे पोलीस पाठवणं, दुसरी म्हणजे भाव ठरवून देणं. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेमाच्या तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घातली. तिथल्या उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तिला स्थगिती दिली. आपल्याकडे २०१३ आणि २०१४ मध्ये सरकारने आदेश काढले, की ऑनलाइन तिकिटावर 'सुविधा शुल्क' घ्यायचं नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले, कारण असा आदेश काढायला कायद्याचा आधार नव्हता आणि व्यवसाय करण्याच्या हक्कावर ते अतिक्रमण होतं. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण मला यात न्यायालयाचं फार चुकलं असं वाटत नाही. करमणुकीचा भाव सरकारने ठरवू नये. कुणाचं गाणं किती रुपयांचं, हे मंत्रालयातल्या बाबूला काय कळणार? आणि घाईने आदेश काढला की तो कोर्टात टिकत नाही, हेही दिसलं. विधानसभेत नीट चर्चा करून कायदा करा.

आणि तो कायदा कसा असावा, हे सांगायला मला फार लांब जायचं नाही. १९८६ साली आमच्या शाळेच्या नव्या खोल्यांसाठी आम्ही नाटकाचा एक मदतीचा प्रयोग लावला. तिकीटविक्री माझ्याकडे. चारशे खुर्च्या. त्यातल्या साठ मी देणगीदार, पंच, पंचायत समितीचे लोक यांच्यासाठी आधीच बाजूला काढल्या आणि कुणाला बोलले नाही. पहिल्या दिवशी पालक आले, त्यांना पुढच्या रांगा मिळेनात. गावात बोभाटा झाला की बाईंनी तिकिटं नातेवाइकांना वाटली. मी रडकुंडीला आले. आमचे शिपाईमामा म्हणाले, "बाई, फळ्यावर लिहा ना." मी शाळेच्या फाटकाशी फळा लावला. एकूण खुर्च्या ४००. राखीव ६०. विक्रीला ३४०. विकल्या इतक्या, शिल्लक इतक्या. संध्याकाळी आकडे पुसून नवे लिहायचे. बोभाटा थांबला. राखीव खुर्च्यांबद्दल कुणीही तक्रार केली नाही. लोकांना राखीवचा राग नव्हता, लपवण्याचा होता.

तोच फळा मला आता मोठ्या कार्यक्रमांना लावून हवा आहे. विक्री सुरू व्हायच्या आधी आयोजकाने जाहीर करायचं: एकूण जागा किती, प्रायोजक, क्लब, पाहुणे, बँकेचे कार्डवाले यांना किती आणि सर्वांसाठी किती. विक्री संपल्यावर पुन्हा एकदा हिशोब. संगणकावर हे आकडे क्षणात निघतात, फळा पुसायचीही गरज नाही. हा झाला पहिला नियम.

दुसरा नियम, पुन्हा विकायचं तर छापील किमतीलाच, आणि तेही ज्याने मूळ तिकीट दिलं त्याच्याच मार्फत. कुणाला ताप येतो, कुणाकडे अचानक पाहुणे येतात, त्याचं तिकीट वाया का जावं? कंपनीने जुनं रद्द करून नवं द्यावं, हवं तर दहा-वीस रुपये घ्यावेत. म्हणजे एका तिकिटावर दोघे दारात येणार नाहीत. माझी नात त्या रात्री आत बसली असती.

तिसरा, सुविधा शुल्क घ्या, पण पहिल्याच पानावर सगळी रक्कम एकत्र दाखवा. पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर नको.

आणि चौथा, हिशोब खोटा निघाला तर आयोजकाला आणि कंपनीला दंड. दाराबाहेरच्या पोराला नंतर.

"असले कायदे कुठे असतात का?" असं कुणी म्हणेल. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा केला. हजार किंवा जास्त माणसं मावतील अशा, सरकारने नेमून दिलेल्या ठिकाणच्या कार्यक्रमांची तिकिटं छापील किमतीपेक्षा जास्तीने विकायला तिथे बंदी आहे. ब्रिटनच्या सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशीच बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. हे काही कम्युनिस्ट देश नव्हेत, जावईबापू :)

आपल्या रेल्वेचंच बघा ना. रेल्वे म्हणजे करमणूक नव्हे (कधीकधी असते!), पण तिथे कोटे कोणते हे माहीत असतं, तिकिटावर नाव असतं, प्रतीक्षायादीत आपला क्रमांक कितवा हे कळतं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी लागते. दलाल संपले असं मी म्हणणार नाही. पण तिकीट मिळालं नाही तर निदान आपण कुठे उभे होतो हे कळतं. नातीच्या त्या सकाळी आम्हा चौघांपैकी कुणालाच कळलं नाही, की खिडकीत मुळात तिकिटं होती किती.

परवा मी त्या विद्यार्थ्याला फोन केला होता. म्हटलं, तुझ्याबद्दल लिहिते आहे, नाव घालत नाही, चालेल ना? म्हणाला, "लिहा बाई, आता काय त्याचं." मग थोडा थांबून म्हणाला, "त्या खिडकीतल्या माणसाला मात्र कधी कुणी हात लावला नाही."

असो. फार लांबलं. पुढच्या आठवड्यात भावोजी नि जावईबापू दोघेही जेवायला येणार आहेत. पुरणपोळी करणार आहे. वाद घालायचा असेल तर जेवण झाल्यावर घाला, आणि येताना एवढं एकच उत्तर घेऊन या, की आकडे फळ्यावर लिहिले तर कुणाचं काय बिघडणार आहे?